फिरतीवरचं कुटुंब आणि सोबतचा शिक्षक : नेमणूक, तास, करार, परीक्षा

डांबरवाट :
दीड वर्ष सलग फिरती आहे. मुलं दोन, वय ८ आणि १३. शाळेतून नावं काढून पूर्णवेळ शिक्षक सोबत न्यायचा, इथवर ठरलंय. आता हवं आहे ते असं : निवड कशी करायची, दिवसाला किती तास, करारात काय लिहायचं, आणि मोठ्याच्या सोळाव्या वर्षीच्या परीक्षेची सोय कशी लावायची. 'प्रवास हीच खरी शाळा' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. नेमकी माहिती द्या.

खडूफळा :
जाहिरात सगळ्यात शेवटी. आधी प्रवासाचा आराखडा समोर घ्या आणि तो शिक्षकाच्या नजरेने वाचा. एक मुक्काम हलवायचा म्हणजे अभ्यासाचे अडीच-तीन दिवस गेलेच समजा. आदला दिवस बांधाबांधीत, मधला प्रवासात, आणि पुढचा अर्धा-एक दिवस नव्या जागी टेबल कुठे लावायचं आणि झोप कधी भरून काढायची यात. दर पाच दिवसांनी जागा बदलत असाल तर जगातला उत्तम शिक्षकही आठवड्याला धड तीन दिवस शिकवू शकणार नाही, आणि दोन महिन्यांनी खापर मात्र त्याच्यावर फुटेल.

चालतील अशा दोनच पद्धती आहेत. एक, प्रत्येक मुक्काम किमान तीन आठवड्यांचा. दुसरी, सहा आठवडे एका जागी बसून शिकायचं आणि दोन आठवडे पूर्ण सुट्टी घेऊन हिंडायचं. 'जमेल तसं, जमेल तिथे' ही तिसरी पद्धत सगळ्यांना सोयीची वाटते आणि तीच सगळ्यात आधी कोसळते. कारण रोज सकाळी मूल विचारतं, "आज आहे का?" एकदा या प्रश्नावर वाटाघाटी सुरू झाल्या की शिकवण्याची निम्मी ताकद तिथेच संपते.

तासांचं. एकास एक शिकवताना शाळेइतके तास लागत नाहीत. हजेरी, रांगा, वर्ग शांत करणं हे सगळं गळतं. ८ वर्षांच्या मुलाला पावणेतीन ते तीन तास पुरे. १३ वर्षांच्याला शिकवण्याचे पावणेचार तास आणि वर एक-दीड तास स्वतःचा अभ्यास. दोघांना एकच शिक्षक असेल तर दिवस साधारण असा बसतो :

८:३० ते ९:१५ धाकट्याचं गणित. मोठा आदल्या दिवशीच्या धड्यावरचे प्रश्न स्वतः सोडवतो.
९:१५ ते १०:१५ मोठ्याचं गणित. धाकटा अर्धा तास एकटा वाचन-लेखन करतो, उरलेला अर्धा तास पालकाकडे. आठ वर्षांचं मूल एकट्याने यापेक्षा जास्त काम करेल असं धरू नका.
१०:३० ते ११:१५ दोघं एकत्र. इतिहास, भूगोल किंवा एखादा प्रयोग.
११:१५ ते १२:०० धाकट्याची भाषा, मग त्याला सुट्टी. मोठ्याचा स्वाध्याय.
१२:४५ ते २:४५ मोठ्याचं विज्ञान आणि भाषा.

बेरीज करा. शिक्षक सव्वापाच तास मुलांसमोर आहे. तयारी आणि तपासणीचा दीड तास धरला तर पावणेसात. पाच दिवसांचे झाले चौतीसच्या आसपास. ही पूर्ण नोकरी आहे. यावर 'संध्याकाळी मुलांकडे जरा बघाल ना' हे चिकटवायचं असेल तर ते वेगळं काम आहे, वेगळ्या पैशांचं.

चाळणी :
खडूफळांना पूर्ण अनुमोदन. निवडीबद्दल लिहिते.

जाहिरातीत गोड विशेषणं नकोत. ज्याला हे काम झेपणार नाही त्याने ती वाचूनच मागे फिरावं, अशी हवी. उदाहरणार्थ : "मुलं ८ आणि १३ वर्षांची. दर चार-पाच आठवड्यांनी जागा बदलते. आठवड्याला ३४ तास, शनिवार-रविवार पूर्ण सुट्टी. स्वतंत्र खोली, कधीकधी लहान. मोठ्याला चौदाव्या वर्षापर्यंतचं गणित आणि तिन्ही विज्ञानं, धाकट्याला वाचन-लेखन. स्वयंपाक, कपडे, रात्रीची देखरेख हे काम नाही. सुरुवातीचे पाच दिवस पगारी चाचणी." इतकं उघड लिहिलं की अर्ज कमी येतात, पण वाचण्याजोगे येतात.

कागदपत्रांत तीन गोष्टी. पदवीची आणि शिकवण्याच्या पात्रतेची मूळ प्रत, आणि ती देणाऱ्या संस्थेकडून पडताळणी. ज्या ज्या देशात उमेदवार सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलाय, त्या प्रत्येक देशाचा पोलीस दाखला. फक्त मायदेशाचा चालणार नाही. ब्रिटनमध्ये राहिलेल्यांसाठी परदेशात मुलांबरोबर काम करायला वेगळं आंतरराष्ट्रीय बालसंरक्षण प्रमाणपत्र मिळतं, ते मागा. आणि तिसरं, नोकऱ्यांच्या तारखा महिन्यासकट. नुसतं '२०१९ ते २०२१' असं लिहिलं की मधला आठ महिन्यांचा खड्डा दिसत नाही. खड्डा असणं म्हणजे दोष नव्हे, पण त्याचं उत्तर मिळालं पाहिजे.

शिफारसपत्रावर विसंबू नका, फोन करा. आणि पत्रावर छापलेल्या नंबरावर करू नका; शाळेचा नंबर स्वतः शोधून त्यावर करा. शेवटचा प्रश्न ठरलेला ठेवा : "मुलांसोबत काम करायला याच व्यक्तीला पुन्हा घ्याल का?" उत्तराआधी पडलेली शांतता ऐका.

आता चाचणीचा धडा. 'छान बोलतात, मुलांना आवडले' हा निकष नाही. शिक्षकासमोर मुलाची नेहमीची चूक ठेवा. समजा मुलाने ५०३ वजा २७८ मांडून उत्तर ३७५ लिहिलंय. कच्चा शिक्षक म्हणतो, "चूक. हातचा विसरलास," आणि स्वतःच सोडवून दाखवतो. पक्का विचारतो, "हे तीन, सात आणि पाच कुठून आले, सांग बरं?" मूल सांगतं, पाचातून दोन गेले तीन, सातातून शून्य सात, आठातून तीन पाच. म्हणजे मूल काही विसरलेलं नाही. ते प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतंय, वर कोण आणि खाली कोण हे बघतच नाही. इथे हातच्याचा नियम पुन्हा घोकवून काहीच होणार नाही. काड्यांचे गठ्ठे काढून एक शतक मोडायचं, त्यातलं एक दशक मोडायचं, की २२५ हाताला लागतात. हा फरक वीस मिनिटांच्या धड्यात लख्ख दिसतो, दोन तासांच्या मुलाखतीत दिसत नाही.

पाच दिवसांच्या चाचणीत एक दिवस प्रवासाचा ठेवाच. विमान उशिरा, मुलं किरकिरी, जेवण चुकलेलं : पुढचं दीड वर्ष कसं जाईल ते त्या दिवशी कळतं. आणि चाचणीचे पैसे द्या. फुकट चाचणी मागणाऱ्यांकडे चांगले शिक्षक फिरकत नाहीत.

डांबरवाट :
५०३ चं उदाहरण फार कामाचं. एक शंका. आठ वर्षांच्या मुलाचं वाचन आणि चौदाव्या वर्षाचं रसायनशास्त्र, दोन्ही चांगलं शिकवणारा एकच माणूस मिळतो का?

चाळणी :
क्वचित. मिळाला असं वाटलं तर दोन्ही धडे घेऊन बघा, एकावर भागवू नका.

पडद्याआड :
मग मुळातच प्रश्न पडतो की शिक्षक सोबत न्यायचाच कशाला? मोठ्यासाठी गणित, विज्ञान, भाषा असे तीन विषयतज्ज्ञ ऑनलाइन घ्या. खोली नको, तिकीट नको, व्हिसा नको. तेरा वर्षांचं मूल पडद्यावर नीट शिकतं.

खडूफळा :
पडद्याआड, दोन अटींवर मान्य. पहिली, घड्याळ. मुक्कामाची वेळ आणि शिक्षकाची वेळ यात पाच तासांहून जास्त फरक पडला की दोघांपैकी एकजण पेंगत असतो. आराखड्यात पूर्व-पश्चिम उड्या असतील तर तीन शिक्षकांची वेळापत्रकं दर महिन्याला नव्याने जुळवावी लागतात आणि हे काम कुणा पालकाच्या गळ्यात पडतं. उत्तर-दक्षिण प्रवासात ही अडचण नाही. दुसरी अट, लिहिताना दिसलं पाहिजे. फक्त चेहरा दाखवणारा कॅमेरा गणिताला निरुपयोगी. वहीवर वरून रोखलेला दुसरा कॅमेरा किंवा जुना फोन स्टँडला लावून हवा.

आठ वर्षांच्या मुलाला मात्र ऑनलाइनवर सोडू नका. पेन्सिल कशी धरलीय, ओळीवर बोट कुठे थांबतंय, हे शेजारी बसूनच दिसतं. म्हणून मधला मार्ग : सोबतचा शिक्षक प्राथमिक वर्गाचा तरबेज घ्या. तो मोठ्याचं वेळापत्रक सांभाळेल आणि एकत्र विषय घेईल. मोठ्याचं गणित आणि विज्ञान आठवड्याला चार-पाच तास ऑनलाइन. उलटं, म्हणजे सोबत विज्ञानाचा पदव्युत्तर आणि धाकट्याला 'जरा वाचायला शिकवतील तेच', हे करू नका. वाचायला शिकवणं सोपं असतं हा समज महागात पडतो.

कलमबहाद्दर :
करारावर सविस्तर लिहितो, कारण बहुतेक नेमणुका शिकवण्यावरून मोडत नाहीत, न लिहिलेल्या गोष्टींवरून मोडतात.

कामाची व्याख्या. शिकवणं, तयारी, तपासणी, साप्ताहिक नोंद. इतकंच. सोबत फिरायला येणं हे काम आहे की सुट्टी, तेही लिहा. संग्रहालयात मुलांची जबाबदारी शिक्षकावर असेल तर ते काम. मुलांना घेऊन सात तासांचा विमानप्रवास केला तर तेही काम. शिक्षक वेगळ्या रांगेत बसून पुस्तक वाचत आला, तर तो नुसता प्रवास. पण त्या दिवशी वर चार तास शिकवणं मागू नका.

सुट्टी. आठवड्यात सलग २४ तास किमान, सलग दोन दिवस उत्तम. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा घरकामगारांविषयीचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार हीच सलग २४ तासांची खालची मर्यादा सांगतो. सोबतचा शिक्षक त्या व्याख्येत बसतो की नाही हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवेल, पण मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे. त्याच करारातली दुसरी गोष्ट : कामगाराचे प्रवासाचे आणि ओळखीचे कागद त्याच्याच ताब्यात राहतात. 'सगळ्यांचे पासपोर्ट एका पाकिटात ठेवू' ही पालकांची सोय असते, शिक्षकासाठी तो फास ठरू शकतो. त्यांचा पासपोर्ट त्यांच्याच खिशात.

खोली. दाराला आतून कडी, टेबल-खुर्ची, दिवा. मुलांच्या खोलीत किंवा हॉलमधल्या सोफ्यावर झोपण्याची व्यवस्था एका रात्रीपुरतीसुद्धा करारात येऊ देऊ नका. जागा लहान निघाली तर जवळ वेगळी खोली घेऊन द्यायची, खर्च कुटुंबाचा.

पैसे. तासावर नको, महिन्यावर ठरवा. तासावर ठरवलं की प्रवासाच्या आठवड्यात शिक्षकाचं उत्पन्न निम्म्यावर येतं आणि तो दुसरं काम शोधू लागतो. खडूफळांच्या सहा-दोन पद्धतीत ते दोन आठवडेही पगारी. कोणत्या चलनात, कोणत्या तारखेला, बँकेचं शुल्क कोणाकडे, हे तिन्ही लिहा. जेवण, स्थानिक प्रवास, सिम कार्ड, व्हिसा शुल्क, आरोग्य विमा कुटुंबाचा. विम्यात वैद्यकीय कारणाने मायदेशी नेण्याची तरतूद आहे का ते पॉलिसीत शोधा. स्वस्त प्रवासी विम्यात ती तोकडी असते, आणि 'कामासाठी प्रवास' वगळलेला असेल तर पॉलिसीचा उपयोग शून्य.

परतीचं तिकीट. हे कलम सर्वात जास्त विसरलं जातं. कोणीही, कोणत्याही कारणाने करार संपवला तरी परतीचं तिकीट कुटुंब काढेल, बिनशर्त. 'स्वतःहून सोडल्यास तिकीट नाही' असं लिहिलंत तर कंटाळलेला शिक्षक सोडूनही जात नाही आणि शिकवतही नाही. मुदतपूर्व सूचना पहिल्या सहा आठवड्यांत एक आठवडा, नंतर एक महिना.

शेवटचं, मुलांचे फोटो आणि ठावठिकाणा. समाजमाध्यमांवर काहीही टाकायचं नाही, हे दोन्ही बाजूंना लागू. कुटुंबाने शिक्षकाचा फोटो टाकायचा तर त्यालाही विचारायचं.

नांगर :
मुक्काम बोटीवर असेल तर दोन ओळींची भर. शिक्षकाचं नाव खलाशांच्या यादीत गेलं की सागरी श्रम करार २००६ चे विश्रांतीचे नियम लागू होऊ शकतात : कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती. मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण आणि वैद्यकीय दाखलाही मागितला जातो, तो चढण्याआधी हवा. बोट चालू असताना लिहिण्या-वाचण्याचे धडे ठेवू नका. मान खाली घालून अक्षरांकडे बघितलं की मळमळतं. तोंडी गणित, पाढे, मोठ्याने ऐकवलेली गोष्ट हे चालतं. वह्या नांगर टाकल्यावर.

सीमारेषा :
व्हिसावर कोणीच लिहिलेलं नाही, आणि घोडं तिथेच अडतं.

पर्यटक व्हिसावर काम करायला बहुतेक देशांत बंदी आहे. 'पगार तर दुसऱ्या देशात जमा होतो' ही पळवाट समजू नका. काम जिथे होतं ती जागा मोजली जाते. काही देशांत मालकासोबत प्रवास करणाऱ्या घरच्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा असतो, काहींत तात्पुरता परवाना लागतो, काहींत दाराशीच नकार. म्हणून आराखड्यातल्या प्रत्येक देशापुढे तीन रकाने करा : कुटुंबाला किती दिवस, शिक्षकाला किती दिवस, शिक्षकाला शिकवण्याची परवानगी कशी. तिसरा रकाना रिकामा राहिला तर त्या देशातला काळ सुट्टीच्या आठवड्यांत टाका किंवा तिथे शिक्षक नेऊ नका.

शिक्षकाचा पासपोर्ट वेगळ्या देशाचा असेल तर त्याचे दिवस वेगळे मोजा. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात, लहान मुदतीच्या मुक्कामाला कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस ही मर्यादा आहे आणि ती रोज मागे वळून मोजतात. एका देशातून शेंगेनमधल्याच दुसऱ्या देशात गेलं की घड्याळ नव्याने सुरू होत नाही. कुटुंबाकडे युरोपीय पासपोर्ट आणि शिक्षकाकडे नाही, अशा जोडीत हीच गफलत होते : कुटुंब निवांत चौथा महिना काढतं आणि शिक्षक नव्वद दिवसांपलीकडे गेलेला असतो.

आणि गृहशिक्षण सगळीकडे कायदेशीर नसतं. जर्मनीत शाळेत प्रत्यक्ष जाणं सक्तीचं आहे, घरी शिकवणं जवळपास चालतच नाही. स्वीडनमध्ये २०११ पासून फक्त असाधारण परिस्थितीत परवानगी. फ्रान्समध्ये २०२२ च्या शालेय वर्षापासून आधी परवानगी घ्यावी लागते, नुसतं कळवून भागत नाही. हे नियम तिथे रहिवासी झालेल्यांना लागतात, तीन आठवड्यांच्या पाहुण्याला नव्हे. पण लांब मुक्काम करून भाडेकरार आणि रहिवासी नोंदणी केलीत तर प्रश्न येणार. त्याशिवाय मायदेशातली शाळा सोडताना तिथल्या शिक्षण खात्याला काय कळवायचं तेही बघा. नाव नुसतं गळालं तर मूल 'शाळाबाह्य' म्हणून नोंदलं जाऊ शकतं.

कराबद्दल एकच सांगते. '१८३ दिवसांच्या आत असलो तर कर नाही' हे अर्धवट ऐकलेलं वाक्य आहे. देशादेशांमधल्या अनेक करविषयक करारांत ती मर्यादा असते पण तिच्या जोडीला इतर अटीही असतात, आणि कामाच्या परवान्याशी तिचा काही संबंध नाही.

केंद्रक्रमांक :
परीक्षेचं बघू. मूळ धाग्यात एक गोष्ट निसटलीये. मोठा आज १३, फिरती दीड वर्षाची. परत येईल तेव्हा साडेचौदा. म्हणजे सोळाव्या वर्षीची परीक्षा या प्रवासात नाहीच. खरी अडचण वेगळी आहे : केंब्रिज परीक्षा मंडळाच्या आयजीसीएसईसारखे, सोळाव्या वर्षी परीक्षा असलेले आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम बहुतेक शाळांत दोन वर्षांचे असतात आणि साधारण चौदाव्या वर्षी सुरू होतात. तुमचा मुलगा अर्ध्यात उतरणार. त्यामुळे 'कोणता अभ्यासक्रम चांगला' हा प्रश्न बाजूला ठेवा. परत आल्यावर तो कोणत्या शाळेत बसणार ते आधी ठरवा आणि त्या शाळेचाच अभ्यासक्रम उचला.

तरी इतरांना उपयोग म्हणून, खासगी उमेदवाराची, म्हणजे शाळेत नाव नसताना परीक्षेला बसणाऱ्याची, पद्धत सांगतो. केंब्रिज थेट विद्यार्थ्याची नोंदणी घेत नाही. मान्यताप्राप्त केंद्र गाठावं लागतं, आणि खासगी उमेदवार घ्यायचे की नाही हे त्या केंद्राच्या मर्जीवर. मुख्य सत्रं दोन : मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. मे-जूनचे पेपर प्रत्यक्षात एप्रिलच्या शेवटी सुरू होऊन जूनच्या मध्यापर्यंत पसरतात. पाच-सहा विषय असतील तर तेवढे सहा-सात आठवडे एकाच गावात, त्याच केंद्राजवळ काढायचे. हे आराखड्यात आधी कोरून ठेवा आणि बाकीचा प्रवास त्याभोवती बेता. त्या सत्राची नोंदणी केंद्रं फेब्रुवारीत बंद करतात, खासगी उमेदवारांची बहुधा त्याही आधी. उशिरा गेलं तर दंड भरून जागा मिळते किंवा मिळत नाही.

विषय निवडताना पेपरांची घडण बघा. ज्यात शाळेने तपासलेलं प्रकल्पकाम लागतं तो खासगी उमेदवाराला जवळपास बंद. भाषेत प्रकल्पाऐवजी लेखी पेपरचा पर्याय असतो, तो घ्या. भौतिक, रसायन, जीवशास्त्राला प्रयोगशाळेतल्या परीक्षेऐवजी 'प्रात्यक्षिकाला पर्याय' असा लेखी पेपर आहे, क्रमांक ६. त्यासाठीही हातात उपकरण घेतलेलं असावंच लागतं : मोजपात्रातल्या पाण्याची वक्र पातळी खालच्या कडेला वाचायची, हे चित्र बघून पाठ केलेलं मूल पेपरात वरची कड वाचतं. पुढे केंब्रिजच्याच ए-लेव्हलच्या, म्हणजे अठराव्या वर्षीच्या परीक्षेच्या, विज्ञानांना मात्र प्रयोगशाळेला पर्याय नाही. पिअर्सन एडेक्सेल या दुसऱ्या मंडळाच्या, याच पातळीच्या आंतरराष्ट्रीय जीसीएसईत विज्ञानाची वेगळी प्रात्यक्षिक परीक्षाच नसते, प्रयोगकौशल्य लेखी पेपरांतच तपासतात, म्हणून फिरत्या कुटुंबांना ते सोयीचं जातं. आयबी डिप्लोमा हा शेवटच्या दोन शालेय वर्षांचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम खासगी शिक्षकाच्या जोरावर होत नाही, त्याला आयबीची मान्यता असलेली शाळाच लागते.

केंब्रिजच्या आयजीसीएसई गणितात (सांकेतिक क्रमांक ०५८०) २०२५ पासून एक पेपर कॅल्क्युलेटरविना आहे. जुने पेपर सोडवून घेणारा शिक्षक हे जाणतो का, हा मुलाखतीतला छान प्रश्न आहे. जादा वेळेसारखी सवलत हवी असेल तर तज्ज्ञाचा अहवाल घेऊन केंद्रामार्फत महिनोन्‌महिने आधी अर्ज करावा लागतो. आणि पासपोर्टवरचं नाव आणि नोंदणीवरचं नाव अक्षरन्‌अक्षर सारखं ठेवा.

पडद्याआड :
सामानाचं कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. इंटरनेट असेलच असं धरू नका. किविक्स या इंटरनेटविना वाचायच्या मोफत ॲपवर विकिपीडिया उतरवून घ्या. चित्रांसकट संपूर्ण इंग्रजी प्रत शंभर जीबीच्या आसपास जाते, विषयवार छोट्या फायलीही मिळतात. कोलिब्री हे मोफत सॉफ्टवेअर खान अकॅडमीचे धडे आणि सराव इंटरनेटविना चालवतं. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर टाकलं की दोन्ही मुलांच्या टॅबलेटवर वायफायने दिसतं. हे सगळं निघण्याआधी घरच्या जलद जोडणीवर उतरवा, पहिल्या मुक्कामावर नव्हे.

पॉवर बँक हातसामानात, १०० वॉट-तासांखाली. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, त्यामुळे चालते. कंपासपेटीतलं कर्कटक मात्र उलट : ते हातसामानात अडू शकतं, मोठ्या बॅगेत टाका. कागदाच्या आकाराचा पांढरा फळा प्रत्येकी एक, म्हणजे तोंडी परीक्षेत उत्तर लिहून वर करता येतं आणि वह्या वाचतात. छापील पुस्तकं मुलामागे चारच, बाकी टॅबलेटवर. पण गणित कागदावरच.

चाळणी :
आणि नोंदी. शिक्षक मध्येच गेला तर पुढचा कुठून सुरू करणार? रोजच्या दोन-चार ओळी, त्यांची दर शुक्रवारी अर्ध्या पानाची नोंद, कुटुंबाच्या खात्यात साठवलेली, शिक्षकाच्या लॅपटॉपवर नाही. 'गणित घेतलं, छान झालं' ही नोंद नव्हे. एका दिवसाची अशी हवी :

"मंगळ. गणित ४५ मि. मध्ये शून्य असलेली तीन अंकी वजाबाकी. १० पैकी ६ बरोबर, चारही चुका हातच्याच्या. उद्या काड्यांचे गठ्ठे, मग पुन्हा ५ कागदावर. वाचन ३० मि. पान ४१ ते ४७ मोठ्याने. जोडाक्षरांवर अडखळ, अर्थ कळतो. लेखन राहिलं, वीज नव्हती."

नवा माणूस हे वाचून त्याच दिवशी धडा घेऊ शकतो. महिन्यातून एकदा प्रत्येक विषयाचं एक न तपासलेलं आणि एक तपासलेलं पान फोटो काढून तारखेसह ठेवा. परतल्यावर शाळा प्रवेशपरीक्षा घेईलच, पण 'दीड वर्ष काय केलं' याला हे पुराव्यासकट उत्तर असतं.

कलमबहाद्दर :
एक राहिलं. अभ्यासाच्या तासांत पालकांनी खोलीत डोकावून 'आज लवकर सोडा, बाहेर जायचंय' म्हणायचं नाही. बदल आदल्या रात्री शिक्षकाशी बोलून. मुलांसमोर एकदा तास मोडला की पुढे प्रत्येक तासाला मुलं पालकांकडे अपील करतात. आणि शिक्षकाला आपल्या वयाची माणसं भेटण्याची सोय ठेवा. फिरतीवर त्याचं स्वतःचं कोणीच नसतं; तिसऱ्या-चौथ्या महिन्यात राजीनामा येतो तो बहुधा यामुळे, पगारामुळे नाही. सुट्टीच्या दिवशी तो कुठे जातो हे विचारू नका, आणि 'आमच्याबरोबरच चला ना' हा आग्रह तर मुळीच नको.

डांबरवाट :
सगळ्यांचे आभार. जाहिरात थांबवली. आराखडा तीन रकान्यांत मांडायला घेतलाय आणि दोन मुक्काम आत्ताच गळले. केंद्रक्रमांक, परतीच्या शाळेला नेमकं काय विचारायचं?

केंद्रक्रमांक :
चार प्रश्न, ईमेलने, म्हणजे उत्तर लेखी राहील. परीक्षा मंडळ कोणतं आणि प्रत्येक विषयाचा सांकेतिक क्रमांक काय. दोन वर्षांपैकी पहिल्या वर्षाअखेर प्रत्येक विषयात कुठवर शिकवून होतं. मधूनच येणाऱ्या विद्यार्थ्याची प्रवेशपरीक्षा कशावर आणि कोणत्या महिन्यात. आणि दुसरी भाषा कोणती लागते. ती बहुतेकांच्या लक्षात शेवटी येते आणि सोबतच्या शिक्षकाला ती नेमकी येत नसते. उत्तर आलं की चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी जाहिरातीत घाला.